जैविक पासपोर्टसाठी रक्त: नमुना कसा घ्यावा, कसा वाचावा

जैविक पासपोर्ट म्हणजे एकाच खेळाडूच्या रक्ताच्या वेळोवेळी घेतलेल्या नोंदी. सहनशक्तीच्या खेळात ईपीओ (लाल पेशी वाढवणारं संप्रेरक) घेणं किंवा रक्त चढवणं पकडायचं तर नमुना घेण्यापासूनच शिस्त हवी. खेळाडूला पाय जमिनीला टेकवून किमान 10 मिनिटं खुर्चीत बसवा. उभं राहिलं की प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, शिरांबाहेर झिरपतो आणि हिमोग्लोबिन उगाच वाढलेलं दिसतं. व्यायाम संपल्यावर लगेच सुई लावू नका.

ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत 3 मिली रक्त घ्या आणि नळी हळूच तीनदा उलटसुलट करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात, अजिबात हलवली नाही तर गुठळी होते, आणि गुठळी झालेला नमुना सरळ बाद.

वाहतुकीत नमुना गार ठेवा, पण गोठू देऊ नका. बर्फ नळीला थेट लागता कामा नये. तापमापकाची नोंद सोबत हवीच. हिशेब सोपा आहे: सरासरी तापमानाची तिप्पट अधिक रक्त घेतल्यापासून तपासणीपर्यंत गेलेले तास, बेरीज 85 च्या आत. म्हणजे 12 अंशांवर 48 तास गेले तर 36 अधिक 48, कसंबसं बसतं.

प्रयोगशाळेत रोलरवर 15 मिनिटं फिरवून यंत्रावर दोनदा मोजा. हिमोग्लोबिनच्या दोन आकड्यांत 0.1 ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

आकडे वाचायला ऑफ-स्कोर वापरतात: हिमोग्लोबिन (ग्रॅम प्रति लिटर) वजा रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) टक्केवारीच्या वर्गमूळाची 60 पट. 150 आणि 1% असेल तर 90. 165 आणि 0.25% असेल तर 135: नव्या पेशी थंडावल्या, हिमोग्लोबिन मात्र चढलेलं. ईपीओ नुकतंच थांबवलं की असंच दिसतं. तरी एका आकड्यावर ठपका ठेवू नका. तुलना त्याच खेळाडूच्या जुन्या नमुन्यांशी करायची.