मानवी तस्करीचे प्रकरण निसटते कुठे? या चुका टाळा

नागपूरच्या रेल्वे स्थानकावर मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या दोन मुख्य मार्गांची गाठ पडते. चारही दिशांची माणसे इथे उतरतात, गाडी बदलतात आणि पुढे जातात. माणसे विकायला नेणाऱ्यालाही नेमकी हीच सोय हवी असते. असे प्रकरण पोलिसांच्या हाती लागले की दुसऱ्या दिवशी बातमी छाप्याची होते. खटला टिकणार की नाही, हे मात्र छाप्याआधी काय लिहून ठेवले आणि छाप्यानंतरच्या २४ तासांत काय केले यावर ठरते. या लेखातील बहुतेक चुका त्या काळातल्या आहेत. त्या पोलीस अंमलदारांकडून होतात, तशाच पंच म्हणून गेलेल्या किंवा फोनवरून माहिती देणाऱ्या नागरिकांकडूनही होतात.

बांधलेले हात शोधणे

तस्करी म्हणजे ओढून नेणे, कोंडणे, मारहाण करणे, असे चित्र मनात धरून पाहणाऱ्याला समोरची तस्करी दिसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तीन गोष्टी तपासायच्या असतात. माणसाला मिळवले, नेले, ठेवून घेतले किंवा दुसऱ्याच्या हवाली केले का. त्यासाठी धाक, बळ, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा पैशाचे आमिष वापरले का. आणि हे सगळे शोषणासाठी होते का. याच कलमाच्या स्पष्टीकरणात पीडित व्यक्तीची संमती गैरलागू ठरवली आहे. त्यामुळे 'ती स्वतःच्या मर्जीने आली' हे वाक्य स्टेशन डायरीत लिहून प्रकरण बंद करणे ही कायद्याच्या दृष्टीनेच चूक आहे. भारतीय दंड संहितेच्या जुन्या कलम ३७० मध्ये नसलेला भीक मागायला लावण्याचा उल्लेखही आता शोषणाच्या व्याख्येत आला आहे.

फलाटावर हे कसे दिसते ते पाहू. समजा, पहाटे हावड्याकडून आलेल्या गाडीतून एक तिशीचा माणूस पाच मुलांना घेऊन उतरतो. मुलांचे कपडे जुने, पायांतल्या चपला मात्र एकाच दुकानातल्या आणि कोऱ्या. तिकिटे एकाच पीएनआरवरची आणि वयाच्या रकान्यात पाचही जणांपुढे १९. नळावर जायचे असले तरी मुले आधी त्याच्याकडे पाहतात. ही खूण आहे, पुरावा नव्हे. अनुभवी अंमलदार इथे आवाज चढवत नाही; तो मुलांना एकेकटे बाजूला घेऊन साधे प्रश्न विचारतो. हा तुझा कोण? मामा असेल तर आईचा सख्खा भाऊ का? आजी कुठे राहते, तिच्या घरी पाणी कुठून आणतात? मग हेच प्रश्न तो त्या माणसाला विचारतो. पढवलेले मूल पहिल्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवते, तिसऱ्याला अडखळते, आणि त्या माणसाला तर आजीचे नावही सांगता येत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट आहे. परप्रांतीय भाषा, मळके कपडे आणि सोबत चार पोरे एवढ्यावरून कुणाला तस्कर ठरवणे म्हणजे गरिबीलाच गुन्हा मानणे होय. खरोखरच सख्ख्या मामाबरोबर निघालेली मुले असतात. घरच्यांशी बोलून आणि त्यांच्या गावच्या ठाण्यात चौकशी करून हे कळू शकते, त्यासाठी मुलांना तासन्‌तास चौकीत बसवून ठेवावे लागत नाही. रेल्वे सुरक्षा दलाने २०२२ पासून 'ऑपरेशन आहट' या नावाने गाड्यांमध्ये अशी तपासणी सुरू केली आहे. गुन्ह्याचा तपास मात्र लोहमार्ग पोलीस करतात. या हस्तांतरात मुलांनी आधी सांगितलेले तपशील तोंडीच राहतात आणि पुढे कुणालाच आठवत नाहीत, म्हणून ते तिथल्या तिथे कागदावर यायला हवेत.

'तू इथे का आलीस?'

कुंटणखान्यातून सोडवलेल्या मुलीला पहिला प्रश्न बहुधा हाच विचारला जातो, आणि माझ्या मते प्रकरण बिघडायला इथूनच सुरुवात होते. या प्रश्नात आरोप आहे, आणि तो ऐकताच ती दलालाने शिकवलेले उत्तर देऊन मोकळी होते: वय २१, मर्जीने आले, कुणाचा दोष नाही. विचारायला हवे ते तिला आणणाऱ्यांबद्दल. गावातून निघाली तेव्हा सोबत कोण होते, तिकिटाचे पैसे कुणी दिले, कामाचे काय सांगितले होते, मोबाइल कुणाकडे असायचा, गिऱ्हाईक पैसे कुणाच्या हातात द्यायचे. अशा प्रश्नांतून माणसांची नावे, खात्यांचे क्रमांक आणि वाटेतले मुक्काम कळतात आणि साखळी मागे सरकत जाते.

ती पहिल्या रात्री बोलत नाही, किंवा खोटे बोलते, याचा राग धरू नये. घरी पैसे पाठवायचे असतात, कर्ज डोक्यावर असते, आणि 'पोलीस तुलाच आत टाकतील' हे तिला महिनोन्‌महिने ऐकवलेले असते. पोटात अन्न गेल्यावर, झोप झाल्यावर, तिच्या भाषेतली समुपदेशक भेटल्यावर पुन्हा बोलावे, आणि मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवून घ्यावा. अठरा वर्षांखालील मुलीचा जबाब पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार गणवेशात घ्यायचा नसतो, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नसते, हे सांगायला लागू नये, पण लागते.

'आमची हद्द नाही'

नागपुरात शहर आयुक्तालय, ग्रामीण पोलीस आणि लोहमार्ग पोलीस अशा तीन स्वतंत्र यंत्रणा आहेत. मुलगी कामठी रस्त्यावरून गेली, गणेशपेठेच्या बसस्थानकावर दिसली आणि रेल्वेने पुढे गेली, तर तक्रारदार बापाने तीन दारे झिजवायची का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आणि मग तो वर्ग करायचा असतो. यालाच शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवणे म्हणतात. मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हाच दाखल करावा, केवळ 'मिसिंग'ची नोंद करून थांबू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितले आहे. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो. पण ते चार महिने ही शेवटची मुदत आहे, वाट पाहण्याची सवलत नव्हे. स्थानकावरचे सीसीटीव्ही चित्रण तेवढे थांबत नाही. त्यावर नवे चित्रण चढते.

छाप्याचे कागद

अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६, म्हणजे बोलीभाषेतला 'पीटा', याखाली वॉरंटशिवाय शोध घेता येतो, पण कलम १५ च्या अटी पाळूनच. विशेष पोलीस अधिकाऱ्याने शोधाची कारणे आधी लिहून ठेवावी लागतात. त्याच वस्तीतले दोन प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला लागतात आणि त्यांपैकी एक स्त्री हवी. ती मात्र त्या वस्तीतली नसली तरी चालते. सोबत किमान दोन महिला पोलीस हव्यात. पोलिसांनी पाठवलेल्या बनावट ग्राहकाला दिलेल्या नोटांचे क्रमांक आधीच्या पंचनाम्यात लिहिलेले असले पाहिजेत आणि नंतर जप्त नोटांशी ते ताडून पाहिले पाहिजेत. पंच म्हणून बोलावलेल्या नागरिकाला माझे सांगणे एवढेच, की जे डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावरच सही करावी. खालच्या मजल्यावर चहा पीत बसून वरच्या खोलीच्या पंचनाम्यावर सही केली की उलटतपासणीत ते दहा मिनिटांत उघडे पडते.

आणखी एक चूक म्हणजे वस्तीच बंद केली की तस्करी बंद झाली असे मानणे. लकडगंज हद्दीतल्या गंगाजमुना या देहविक्रयाच्या वस्तीचे रस्ते पोलिसांनी ऑगस्ट २०२१ मध्ये बंद केले, तेव्हा तिथल्या महिलांनी विरोधही केला. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कुंटणखाना चालवणे बेकायदेशीर आहे, स्वेच्छेने देहविक्रय करणे नव्हे. म्हणून छाप्यात सापडलेल्या सज्ञान महिलांना अटक किंवा दंड करू नये, त्यांचा छळ करू नये. तिथे राहणारी प्रत्येक स्त्री तस्करीची बळी आहे असे धरून निघालेल्या पथकाला खऱ्या बळीही वेगळ्या ओळखता येत नाहीत.

वय आणि ताबा

मुलगी अल्पवयीन असेल तर खटल्याचा सगळा रोख बदलतो, म्हणून दलाल तिच्या हातात आधार कार्ड देऊन ठेवतो. ते पाहून वय १९ लिहिणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ ने क्रम ठरवून दिला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. गावच्या शाळेत एक फोन करायचा कंटाळा केला की सगळे हाडांच्या चाचणीवर येते, आणि त्या चाचणीत दोन्ही बाजूंनी सुमारे दोन वर्षांचा फरक पडू शकतो हे बचाव पक्षाच्या वकिलाला पाठ असते. अल्पवयीन मुलीला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करायचे असते.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या दारात एखादी 'मावशी' रडत येते. हातात रेशनकार्डाची झेरॉक्स, कुटुंबाचा फोटो, सोबत तयार असलेला वकील. मुलगीही तिला बिलगते. दमलेल्या अंमलदाराला वाटते, घरचेच आहेत, नेऊ द्या. पीटाच्या कलम १७-अ नुसार आईवडिलांच्या किंवा पालकांच्या हवाली करण्याआधीही त्यांची क्षमता आणि त्यांचा खरेपणा तपासून घेणे दंडाधिकाऱ्यांना आवश्यक आहे, कारण विकणारे बऱ्याचदा ओळखीचे आणि कधी नात्यातलेही असतात. त्या वकिलाची फी कोण भरते, एवढा एक प्रश्न मनात आला तरी पुष्कळ आहे. तोच वकील आरोपीच्या जामिनासाठीही उभा असेल तर उत्तर मिळालेच.

फक्त कुंटणखान्यातच पाहणे

शहराबाहेरच्या वीटभट्टीवर उचल, म्हणजे कामाआधी कर्जाऊ रक्कम, देऊन आणलेले कुटुंब, मुकादमाकडे ठेवून घेतलेले आधार कार्ड आणि 'हिशेब हंगामाच्या शेवटी' हे उत्तर ऐकले की वेतनाचा वाद म्हणून कामगार कार्यालयाकडे बोट दाखवू नये. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लागणे ही सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटले आहे. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ खाली ते कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही कर्ज देणाऱ्यावर आहे. मजुरांना नुसते गाडीत बसवून गावी पाठवले, मुक्ततेचे प्रमाणपत्र घेतलेच नाही, तर पुढच्या हंगामात तीच उचल त्यांना परत आणते. नवजात बाळाची 'परस्पर दत्तक' देवघेवही याच यादीतली आहे. हिंदू दत्तक कायद्याखालचे दत्तक सोडले, तर कायदेशीर दत्तक 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या यंत्रणेतूनच होते.

फोन करताना

तातडीच्या मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक आहेत. संशयिताला स्वतः अडवू नका, त्याच्याशी हुज्जत घालू नका आणि मुलांचा फोटो समूहांवर टाकू नका. पीडित मुलाची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. 'काहीतरी संशयास्पद वाटते' असे सांगितल्याने पथकाला काहीच कळत नाही. गाडीचा क्रमांक, डबा, बर्थ, किती मुले, मोठ्या माणसाच्या शर्टाचा रंग आणि पुढचे स्थानक यायला किती मिनिटे उरली आहेत, एवढे सांगा. गाडी सेवाग्राम सोडून निघाली असेल तर तेही सांगा, म्हणजे नागपूरच्या फलाटावर कुठल्या डब्यासमोर उभे राहायचे हे त्यांना आधीच ठाऊक असेल.