इंग्लंडमधील भाड्याचे घर : गॅस आणि बॉयलरची जबाबदारी कोणाची?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी महाराष्ट्रातून इंग्लंडला आलेल्या माणसाच्या हाती भाड्याच्या घराची किल्ली पडते, तेव्हा स्वयंपाकघराच्या कपाटात दडलेली बॉयलरची पांढरी पेटी त्याने बहुधा प्रथमच पाहिलेली असते. नळाचे गरम पाणी आणि खोल्यांतील रेडिएटरची ऊब या दोन्ही गोष्टी तिच्यातूनच येतात.

गॅसच्या बाबतीत आपल्याला नाकावर विसंबण्याची सवय असते, कारण सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते, आणि इथल्या नळाच्या गॅसलाही तसाच वास दिलेला असतो. परंतु गॅस नीट जळला नाही, किंवा जळल्यानंतरचा धूर बाहेर गेला नाही, तर तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास, रंग, चव काहीही नसते. न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे माणसे गुदमरल्याच्या बातम्या आपण गावाकडे वाचतो, त्यांच्यामागेही बहुतेक वेळा हाच वायू असतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि थकवा ही त्याची लक्षणे सर्दीतापासारखी वाटतात. मात्र घराबाहेर पडल्यावर बरे वाटत असेल, किंवा घरातील सर्वांना एकाच वेळी त्रास होत असेल, तर संशय घ्यायलाच हवा.

हे टाळण्याची मुख्य जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. गॅस सुरक्षेच्या 1998 च्या नियमांनुसार मालकाने स्वतः पुरवलेली गॅसची उपकरणे, त्यांची धूर बाहेर नेणारी नळी आणि घरातील गॅसचे पाइप सुरक्षित स्थितीत ठेवले पाहिजेत, आणि उपकरणांची व त्या नळीची दर 12 महिन्यांनी ‘गॅस सेफ रजिस्टर’ या गॅस तंत्रज्ञांच्या अधिकृत नोंदवहीत नाव असलेल्या तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेतली पाहिजे. तपासणीच्या नोंदीची प्रत राहत्या भाडेकरूला 28 दिवसांच्या आत, आणि नव्या भाडेकरूला तो राहायला येण्यापूर्वी मिळाली पाहिजे. एखादी खोली भाड्याने घेऊन मालकाच्याच घरात राहणाऱ्यालाही हे संरक्षण आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. या तपासणीचा खर्च भाडेकरूकडून वेगळा घेता येत नाही. तुम्ही स्वतः विकत आणलेली गॅसची शेगडी मात्र तुमची जबाबदारी. तीसुद्धा नोंदणीकृत तंत्रज्ञाकडूनच जोडून घ्यावी.

नोंदीचा कागद हाती आला की तो फाइलमध्ये सारून न देता वाचावा. त्यावर घराचा पत्ता, तपासणीची तारीख, प्रत्येक उपकरण कोणत्या जागी आहे, कोणता दोष आढळला व त्यावर काय केले, तसेच तंत्रज्ञाचे नाव व नोंदणी क्रमांक असतो. तंत्रज्ञ दारात आला की त्याचे ओळखपत्र मागावे. इथे त्यात कोणी अपमान मानत नाही. मी पहिल्यांदा मागितले तेव्हा संकोचलो होतो, पण त्या गृहस्थांनी स्वतःच कार्ड उलटे करून मला दाखवले. पुढच्या बाजूला छायाचित्र, परवाना क्रमांक आणि मुदत असते. मागच्या बाजूला त्याला कोणत्या प्रकारच्या उपकरणांवर काम करण्याची परवानगी आहे ते लिहिलेले असते, आणि खरे महत्त्व या मागच्या बाजूचे आहे.

वार्षिक तपासणी आणि बॉयलरची सर्व्हिसिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीत उपकरण आज सुरक्षित आहे का एवढेच पाहिले जाते. सर्व्हिसिंगमध्ये ते उघडून, आवश्यक तेथे साफ करून, बारकाईने पाहिले जाते. दोन्ही एकाच भेटीत करून घेण्याची विनंती मालकाला लेखी करावी.

1 ऑक्टोबर 2022 पासून इंग्लंडमध्ये, बॉयलरसारखे जळणावर चालणारे उपकरण बसवलेल्या प्रत्येक राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणे मालकाला बंधनकारक आहे. केवळ गॅसची शेगडी असेल तर हा नियम लागू होत नाही. माझे मत असे की शेगडीसाठीही अलार्म स्वतःच्या पैशाने घ्यावा, आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तो वाजतो का ते पाहावे.

अलार्म वाजला किंवा गॅसचा वास आला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये, काडी पेटवू नये, मीटरजवळचा व्हॉल्व्ह सहज हाताशी असेल तर बंद करावा आणि सर्वांना घेऊन बाहेर पडावे. बाहेरून 0800 111 999 या मोफत, चोवीस तास चालू असलेल्या क्रमांकावर कळवावे. कोणाला भोवळ येत असेल तर रुग्णवाहिकेसाठी 999 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

भाडेकरूने हवा येण्याच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून कापड कोंबून बंद करू नयेत, शेगडीची ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली किंवा उपकरणाभोवती काजळी धरली तर ते लगेच बंद करून मालकाला कळवावे, आणि बॉयलरचे झाकण स्वतः कधीही उघडू नये. एक गोष्ट मात्र शिकून घेण्यासारखी आहे. रेडिएटर गार पडले तर आधी बॉयलरवरील पाण्याच्या दाबमापकाचा काटा पाहावा. बॉयलर थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बारच्या दरम्यान हवा. खाली गेला असल्यास मालकाला विचारून, बॉयलरच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे पाणी भरण्याच्या नळीचे (‘फिलिंग लूप’) व्हॉल्व्ह हळूहळू उघडून पाणी भरता येते, आणि काटा जागेवर आला की ते घट्ट बंद करावे लागतात. दर आठवड्याला दाब उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती दुरुस्त करणे मालकाचे काम आहे.

1985 च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या कलम 11 नुसार, अल्पमुदतीच्या भाडेकरारात गरम पाणी व खोल्या तापवण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणून बॉयलर बंद पडल्यावर फोन केला तरी त्याच दिवशी तारीख, वेळ आणि दाबमापकाच्या छायाचित्रासह ई-मेलही पाठवावा. उत्तर येत नसेल तर स्थानिक कौन्सिलच्या गृहनिर्माण विभागाकडे, आणि वार्षिक तपासणीच झाली नसेल तर ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ या सुरक्षाविषयक सरकारी संस्थेकडे तक्रार करता येते. रागाच्या भरात भाडे थांबवू नये. थकबाकी दाखवून मालक घर रिकामे करून घेण्याची कारवाई सुरू करू शकतो.