सूत्र पाठ असूनही माझे गणित का चुकायचे

वर्गसमीकरणे, म्हणजे अक्ष² + बक्ष + क = ० या रूपाची समीकरणे, शिकू लागले तेव्हा क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ हे सूत्र मला दोन दिवसांत तोंडपाठ झाले होते, तरीही पहिल्याच चाचणीत २क्ष² − ५क्ष − ३ = ० हे साधे उदाहरण माझे चुकले. ब ची किंमत −५ असताना मी कंस न घालता −५² लिहिले, त्याचे −२५ केले, त्यात २४ मिळवून विवेचक (म्हणजे वर्गमुळाखालील ब² − ४अक) −१ काढला आणि ‘वास्तव मुळे नाहीत’ असे ठामपणे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळले. वास्तविक अ आणि क यांची चिन्हे विरुद्ध असली की −४अक हे पद धनच येते आणि ब² कधीच ऋण नसतो, त्यामुळे येथे विवेचक ऋण निघणे शक्यच नव्हते; एवढे लक्षात आले असते तरी मी थांबले असते.

तेव्हापासून मी समीकरण आधी सामान्य रूपात आणते, म्हणजे सगळी पदे डाव्या बाजूला घेऊन उजवीकडे शून्य ठेवते, आणि अ = २, ब = −५, क = −३ अशा किमती चिन्हांसह वेगळ्या ओळीत लिहून मगच कंसात भरते. हे काम कंटाळवाणे आहे, पण नवख्या विद्यार्थ्याच्या बहुतेक चुका मी याच टप्प्यावर होताना पाहिल्या आहेत. दुसरी नेहमीची चूक म्हणजे भागाकाराची रेघ फक्त वर्गमुळाखाली ओढणे. २अ ने −ब लाही भागायचे असते.

सूत्र खऱ्या अर्थाने उमगले ते मात्र प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्यांची रीत वाचल्यावर. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात ती त्यांच्या नावाने दिली आहे. स्थिर पद (क्ष नसलेले पद, म्हणजे क) उजवीकडे नेऊन दोन्ही बाजूंना ४अ ने गुणायचे आणि मग दोन्हीकडे ब² मिळवायचा, एवढीच ती रीत. वरच्या उदाहरणात ८ ने गुणल्यावर १६क्ष² − ४०क्ष = २४ मिळते, २५ मिळवल्यावर डावी बाजू (४क्ष − ५)² होते आणि उजवीकडे ४९ उरतात. हे ४९ म्हणजेच आपला विवेचक. पुढे ४क्ष − ५ = ±७, म्हणून क्ष = ३ किंवा −१/२. पूर्ण वर्ग करताना आधी अ ने भागण्याची जी पद्धत सहसा शिकवतात, तिच्यात अपूर्णांकांचा गुंता होतो. येथे तो शेवटच्या पायरीपर्यंत येतच नाही, म्हणून मला हीच रीत सरस वाटते.

अवयव चटकन दिसत असतील तर सूत्राच्या वाटेला जाऊ नये. पण ३क्ष² − ७क्ष + १ = ० येथे विवेचक ४९ − १२ = ३७ येतो; तो पूर्ण वर्ग नसल्यामुळे परिमेय अवयव शोधत बसणे व्यर्थ आहे, म्हणून मी विवेचक आधी काढते आणि मग मार्ग ठरवते. मुळे (७ ± √३७) ÷ ६ अशी येतात. अशी मुळे मूळ समीकरणात ठेवून ताळा करणे जिकिरीचे असते, म्हणून मी त्यांची बेरीज व गुणाकार पाहते: बेरीज १४/६, म्हणजे ७/३, ही −ब/अ शी जुळते, आणि गुणाकार (४९ − ३७)/३६, म्हणजे १/३, हा क/अ शी.