नाशिकहून कॅनडातल्या विनिपेगला येताय? कपड्यांच्या बॅगा भरायच्या आधी हे वाचा

नाशिकहून येणाऱ्या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, स्वेटर किती आणू? शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधून बॅग भरून आणायचा विचार असेल तर प्लीज थांबा. आपल्याकडे निफाडचा पारा ५-६ वर आला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि इथं जानेवारीत उणे ३० झालं तरी कोणाला नवल वाटत नाही, वर वारा सुटला की विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, उणे ४० च्या खाली. विणलेला स्वेटर घरात, ऑफिसात छान, एक-दोन आणा, पण बाहेर वारा त्यातून आरपार जातो. जॅकेट आणि बूट इथंच घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकच जाडजूड कपडा नको, थर हवेत. अंगालगत मेरिनो वूलचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचं जॅकेट, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं, मांडीपर्यंत येणारं, हुडवालं जॅकेट. थरांच्या मधे जी हवा अडकते तीच खरी ऊब देते. आणि आतून कॉटनचं बनियन अजिबात नको, हे मी प्रत्येकाला सांगते, कारण कॉटन घाम धरून ठेवतं. इथं बस, दुकानं, घरं सगळं हीटिंगनं २०-२२ डिग्रीला असतं, आत गेल्यावर चेन उघडली नाही की घाम फुटतो आणि मग तेच ओलं बनियन घेऊन तुम्ही स्टॉपवर उभे राहता, तिथं हुडहुडी भरते.

आता पाय. बूट घ्यायला जाताना लोकरीचे मोजे घालूनच जा, बूट चढवल्यावर आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले तर रक्त नीट खेळत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. आतलं अस्तर निघणारे बूट मिळाले तर उत्तम, रोज रात्री ते काढून वाळवा. आणि बायकांनो, जोडवी घट्ट असतील तर हिवाळ्यापुरती काढून ठेवा किंवा सैल करून घ्या, बोट सुजलं तर निघत नाहीत, शिवाय धातू गार पडतो तो वेगळाच. कानातल्यांचंही तेच, कानटोपीच्या बाहेर काही लोंबकळायला नको. टोपीला इथं टूक म्हणतात, ती कानाच्या पाळीखाली आली पाहिजे. ओल्या केसांनी बाहेर पडू नका, केस अक्षरशः गोठतात.

हातमोजे पाच बोटांचे घेण्यापेक्षा मिटन्स घ्या, सगळी बोटं एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात. मोबाइलसाठी आत एक पातळ ग्लोव्ह घाला.

बाहेर पडताना नुसतं तापमान बघू नका, विंडचिल बघा. ते उणे ४० च्या खाली गेलं की उघडी कातडी ५-१० मिनिटांत गोठू शकते. नाक, गाल, बोटं पांढरी पडली, बधिर झाली तर लगेच आत या. चोळायचं मात्र नाही, आपल्याकडे सवय असते चोळायची, त्यानं इजा वाढते. कोमट पाण्यात धरा, गरम नको, आणि संवेदना परत आली नाही तर डॉक्टरकडे जा.

लहान मुलं असतील तर स्नोपँट, बूट आणि मिटन्सचे दोन जोड घ्याच, शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडतात, विंडचिल फारच असेल तरच आत ठेवतात, आणि एक मिटन रोज कुठेतरी हरवतो. मुलं वर्षभरात वाढतात म्हणून त्यांचं सगळं व्हॅल्यू व्हिलेजसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून घ्यायला काहीच हरकत नाही. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कार सीटमध्ये, म्हणजे गाडीतल्या लहान मुलांच्या पट्टेवाल्या खुर्चीत, बाळाला फुगीर जॅकेट घालून बसवू नका, धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टा आवळा, मग वरून ब्लँकेट टाका.

डिसेंबर ते मार्चमध्ये उतरणार असाल तर कानटोपी आणि हातमोजे चेक-इनमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा, आणि घ्यायला येणाऱ्याला जॅकेटचा, बुटाचा साइज आधीच कळवा. संकोच करू नका, बहुतेकांच्या घरी एखादा जास्तीचा जोड असतोच, गाडीत टाकून आणतील.