अर्धवट राहिलेली विणकामं पूर्ण कशी करावीत

एकाच वेळी चार-पाच विणकामं सुरू असतात, त्यातलं एकही संपत नाही, आणि हात मात्र नव्या लोकरीकडे वळतात. याला लोक आळस म्हणतात. मला ते पटत नाही. थांबलेलं काम पिशवीतून काढून नीट पाहिलं की लक्षात येतं, ते कुठल्यातरी ठरावीक जागी अडलेलं असतं. गळ्याचे टाके उचलायची वेळ आली, नक्षीची ओळ चुकली, पाठीची साधी वीण संपता संपेना, लोकर पुरेल की नाही अशी शंका आली, आणि तिथेच सुया खाली ठेवल्या गेल्या. स्वतःला दटावण्याआधी प्रत्येक कामातली ही जागा शोधायला हवी. खाली दिलेली सगळी पद्धत त्यावरच उभी आहे.

पायरी १: सगळं एका जागी आणा

कपाटातलं, प्रवासाच्या बॅगेतलं, पलंगाखालच्या डब्यातलं, असेल ते सगळं बाहेर काढा. आज विणायचं नाही, फक्त पाहायचं. प्रत्येक कामाला एक चिठ्ठी जोडा. त्यावर काय विणत होतो, कोणासाठी, लोकर कोणती, तिच्या कागदी पट्टीवरचा रंगाचा आणि बॅचचा (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा) नंबर काय, नमुना कुठे ठेवला आहे आणि काम कशामुळे थांबलं, एवढं लिहा.

सुईची जाडी मात्र मिलिमीटरमध्येच लिहा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबरची सुई ४ मिमीची असते, तर अमेरिकन पद्धतीत ८ नंबर म्हणजे ५ मिमी. शिवाय ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते आणि अमेरिकन पद्धतीत जाड होते. नुसता ‘८’ लिहून ठेवला, तर वर्षभराने त्याचा अर्थ लागेलच असं नाही.

पायरी २: अडलेली जागा शोधा आणि आधी तिचाच बंदोबस्त करा

‘कशामुळे थांबलं’ या रकान्यात ‘वेळ नाही’ असं लिहिलं असेल, तर पुन्हा विचार करा. वेळ नसतानाही तुम्ही दुसरं काहीतरी विणायला घेतलं होतं ना? खरं कारण बहुतेकदा पुढच्यांपैकी एक असतं.

खाली कुठेतरी चूक दिसली. आधी ती कसली आहे ते बघा. एकच टाका सुलटऐवजी उलट पडला असेल, तर पूर्ण काम उसवायची गरज नाही. त्या टाक्याच्या सरळ वर येऊन तेवढाच टाका सुईवरून सोडा, चुकीपर्यंत शिडीसारखा उसवू द्या आणि क्रोशाच्या सुईने एकेक धागा ओढून वर आणा. चूक बऱ्याच टाक्यांत पसरली असेल, तर चुकीच्या खालची एक चांगली ओळ निवडा. त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याची उजवी बाजू एका बारीक सुईवर उचलत जा. सगळे टाके उचलून झाले की मोजून खात्री करा आणि मग बिनधास्त उसवा. उसवण त्या सुईपाशी आपोआप थांबते. जाळीदार नक्षी विणताना तर दर काही ओळींनी टाक्यांमधून गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवावा, म्हणजे कधीही त्या ओळीपर्यंत सुखरूप परतता येतं. आणि चूक हातभर अंतरावरून दिसतच नसेल, तर ती तशीच राहू द्या. हे मी मनापासून सांगते आहे. न दिसणाऱ्या एका टाक्यापायी अख्खा स्वेटर वर्षानुवर्षं पिशवीत राहणं हे त्या चुकीपेक्षा मोठं नुकसान आहे.

नमुन्यात कुठे होतो तेच आठवत नाही. वीण स्वतःच ते सांगते, फक्त वाचता यायला हवी. सुलट बाजूने दिसणारा प्रत्येक इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा टाका म्हणजे एक ओळ. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेल्या कामात प्रत्येक उंचवटा म्हणजे दोन ओळी. वेणीची नक्षी असेल, तर शेवटच्या पिळापासून वरचे व्ही मोजा आणि नमुन्याशी ताडून पाहा. सुईवरचे टाके मोजूनही पुष्कळ कळतं, कारण घट किंवा वाढ कितीदा झाली ते त्या आकड्यात दडलेलं असतं.

लोकर पुरेल की नाही, ही शंका. अंदाज करत बसू नका, वजन करा. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा विणणाऱ्याजवळ असावाच. उरलेला गुंडा तोला, दहा ओळी विणा, पुन्हा तोला. दहा ओळींना ८ ग्रॅम लागले आणि गुंडा ६० ग्रॅम उरला असेल, तर साधारण ७५ ओळी निघतील. कमी पडणार हे आत्ताच कळलं, तर बाह्या आखूड करता येतात, काठ दुसऱ्या रंगात विणता येतो. नवी लोकर आणली आणि बॅच वेगळी निघाली, तर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या अशा काही इंच विणा. रंगातला फरक त्यात बराचसा मिसळून जातो.

सुई दुसऱ्या कामाला गेली. हे कारण वाटतं त्यापेक्षा फार वेळा सापडतं. दुसरी सुई घ्या, पण जाडी तीच हवी.

कंटाळा. शंभर टाक्यांची पाठ, ओळीमागून ओळ, काहीच बदलत नाही. इथे काम अवघड नसतं, लांब असतं. त्यावर पायरी ५ मध्ये लिहिलं आहे.

जोडायची धास्ती. सगळे भाग विणून झाले आहेत आणि तरी स्वेटर नाही, असं कितीतरी जणांचं होतं. शिवण हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याला वेगळी बैठक लागते. रात्री थकल्यावर, अंधुक उजेडात ती करू नये. आधी सगळे भाग ओले करून, मापात पसरून, टाचण्या लावून सुकवा. कडा सरळ झाल्या की जोडताना ओळीला ओळ जुळते आणि निम्मी कटकट तिथेच संपते. मग एका बैठकीत फक्त खांदे, दुसऱ्या बैठकीत फक्त बाह्या. सुटी टोकंही शेवटासाठी साठवू नका, नवा गुंडा जोडला की त्याच दिवशी ओवून टाका.

ज्याच्यासाठी विणायला घेतलं त्याला आता होणार नाही. लहान मुलांच्या कपड्यांचं असं हमखास होतं. स्वेटर पूर्ण करा आणि त्या मापाच्या दुसऱ्या मुलाला द्या. नाहीतर सरळ उसवा.

पायरी ३: ठेवायचं की उसवायचं, ते ठरवा

प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: आज ही लोकर नुसती गुंड्याच्या रूपात हातात असती, तर मी हेच विणलं असतं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘पण इतकी मेहनत घेतली आहे’ हा मुद्दा बाजूला ठेवा. गेलेले तास काम पूर्ण करूनही परत येत नाहीत. न आवडलेल्या कामावर आणखी तास घालायचे का, एवढाच निर्णय आता हातात आहे.

उसवणं म्हणजे हरणं नव्हे. उसवताना लोकर खुर्चीच्या पाठीवर किंवा दोन हातांवर गुंडाळत मोठी लड करा. चार ठिकाणी सैलसर बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, चोळू किंवा पिळू नका, आणि टॉवेलमध्ये दाबून पाणी काढून टांगून वाळवा. कुरळेपणा जवळजवळ सगळा जातो. मोहेरसारखी केसाळ लोकर मात्र एकमेकींत अडकते, ती घाई न करता, एकेक टाका सोडवत उसवावी लागते.

तिसरा मार्गही असतो. पाठ आवडली पण पुढचा भाग नको झाला, तर पाठीची उशीची खोळ होऊ शकते. एकच मोजा झाला असेल, तर मात्र असा काही मार्ग नाही, दुसरा विणावाच लागतो.

पायरी ४: चालू कामं तीनच ठेवा

‘एका वेळी एकच काम’ हा सल्ला ऐकायला चांगला वाटतो, पण फार थोड्यांना झेपतो. डोकं थकलेलं असताना वेणीची नक्षी विणता येत नाही, आणि ताजंतवानं असताना सपाट वीण पुरत नाही. त्यामुळे तीन कामं, तीन वेगवेगळ्या वेळांसाठी: गप्पा मारताना किंवा प्रवासात न बघता विणता येईल असं एक, शांतपणे नमुना समोर ठेवून करायचं एक, आणि संपत आलेलं एक. बाकीची सध्या बंद. नवं काम घालायचं असेल, तर या तिघांतलं एक संपल्यावर.

सुरुवात कोणापासून? सगळ्यात जुन्यापासून नको, सगळ्यात कमी उरलेल्यापासून करा. एक काम खरोखर संपून अंगावर चढलं की पुढच्याला जो जोर येतो, तो कुठल्याही निर्धाराने येत नाही.

पण ‘कमी उरलेलं’ हे डोळ्यांना फसवतं, म्हणून टाके मोजा. पाठ १०० टाके गुणिले १४० ओळी, म्हणजे १४,००० टाके. एक बाही सरासरी ६० टाके गुणिले ११० ओळी धरली, तर ६,६०० टाके, आणि बाह्या दोन. म्हणजे ‘आता फक्त बाह्याच राहिल्या’ याचा अर्थ जवळजवळ आणखी एक पाठ राहिली. मानेपासून सुरू होऊन दर दोन ओळींना चार टाके वाढणारी त्रिकोणी शाल तर याहून फसवी. निम्म्या ओळी झाल्या तेव्हा टाके फक्त पाव झालेले असतात. निम्मं काम व्हायला साधारण ७० टक्के ओळी विणाव्या लागतात. शेवटी शेवटी काम सरत नाही असं वाटतं ते यामुळे. तुमचा वेग कमी झालेला नसतो, ओळ लांब झालेली असते. हे माहीत असलं की धीर सुटत नाही.

पायरी ५: पुन्हा सुया हातात घेताना

लगेच पुढची ओळ सुरू करू नका. मोठ्या खंडानंतर हाताचा ताण बदललेला असतो. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील, तर ११० टाक्यांचा भाग ५० सेंटिमीटरचा होतो. हात थोडा सैल पडून २० टाके बसू लागले, तर तोच भाग ५५ सेंटिमीटरचा. म्हणजे पुढचा भाग आणि पाठ यांची रुंदी जुळणार नाही. म्हणून त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर छोटा तुकडा विणून जुन्या कामाशी ताडा. गरज पडली तर पाव किंवा अर्धा मिमी बारीक अथवा जाड सुई घ्या.

आता कंटाळ्याचं. लांब सपाट विणीत प्रगती दिसत नाही, म्हणून ती दिसेल असं करा. आज जिथून सुरुवात केली तिथे टाक्यात एक मार्कर किंवा रंगीत दोरा अडकवा. विणून झाल्यावर त्याच्या वर किती वीण झाली ते पाहा. बोटभर का होईना, ती आजची आहे.

दोन सारख्या भागांची कामं एकदमच करा. लांब गोल सुईवर (दोन टोकं लवचिक तारेने जोडलेली सुई) दोन गुंडे घेऊन दोन्ही बाह्या शेजारी शेजारी विणल्या की घटीच्या ओळी आपोआप सारख्या येतात आणि दुसऱ्या बाहीची वेगळी वेळ येतच नाही. पुरेशा लांब गोल सुईवर मोजेही असे जोडीने होतात. ते जमत नसेल, तर पहिला मोजा बंद केला त्याच बैठकीत दुसऱ्याचे टाके घाला, भले पुढे एकही ओळ होवो ना होवो.

‘रोज थोडं विणेन’ असा संकल्प टिकत नाही, कारण त्याला जागा नाही आणि वेळ नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली एक साधी पद्धत इथे उपयोगी पडते: ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ अशा ठोस शब्दांत बेत ठरवायचा. ‘रात्रीची भांडी आवरली की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चार ओळी’ हा असा बेत झाला. त्यासाठी काम त्या खुर्चीजवळच हवं, आणि त्याच्या पिशवीत कात्री, मोजपट्टी, ओवायची सुई, नमुना हे सगळं हवं. कात्री शोधायला उठलात की बैठक मोडते.

थांबताना ओळ पूर्ण करूनच थांबा. ओळीच्या मध्ये काम सोडलं, तर सुईच्या टोकाजवळचे टाके ताणले जातात, निसटतातही. आणि पुढची ओळ कोणती ते कागदावर लिहा, लक्षात राहील यावर विसंबू नका. मनगट किंवा खांदा दुखायला लागला, तर ओळ संपवून उठा. दुखऱ्या हाताने विणलेलं काम पुन्हा नकोसं होतं.

पायरी ६: थांबवलेली कामं नीट ठेवा

तिघांत न बसलेली कामं सुईवरच ठेवू नका. टाके जाड सुती दोऱ्यावर उतरवा आणि दोऱ्याची टोकं बांधा. सुया मोकळ्या होतात, आणि महिनोन्महिने सुईवर राहून एका ओळीत जी रेष उमटते तीही पडत नाही. लोकर खाणारी कसर घाम आणि डाग असलेल्या जागी आधी लागते, म्हणून वापरात मळलेलं काम धुऊन, पूर्ण वाळवूनच बंद पिशवीत घाला. चिठ्ठी आत ठेवा आणि तिच्यावर पुन्हा पाहायची तारीख घाला, तीन-चार महिन्यांनंतरची. त्या दिवशी पायरी ३ मधला प्रश्न परत विचारा. दोनदा उत्तर ‘नाही’ आलं, तर लोकर सोडवून घ्या आणि लड धुवायला टाका.