संविधान दिनासाठी डॉ. आंबेडकरांवरील व्याख्यान कसे तयार करावे

२६ नोव्हेंबर जवळ आला की गोव्यातील वाचनालये आणि विद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर बोलणारा वक्ता शोधू लागतात, आणि वक्ता बहुधा महूपासून चैत्यभूमीपर्यंतचा सारा प्रवास चाळीस मिनिटांत उरकतो. त्यात श्रोत्यांच्या पदरी विशेषणे पडतात. कायदेपंडित काम करताना दिसत नाही. म्हणून संविधानातील एकच कलम निवडावे आणि त्याच्या आधाराने चरित्र सांगावे. गोव्यातील सभेसाठी माझ्या मते कलम ४४, म्हणजे समान नागरी कायद्याचे मार्गदर्शक तत्त्व, सर्वांत योग्य.

जन्म (१८९१), कोलंबिया, लंडन आणि १९२३ पासूनची मुंबईतील वकिली हा भाग थोडक्यात आटोपावा. महाडपाशी मात्र थांबावे. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्यावरील दुसऱ्या सत्याग्रहाला न्यायालयाची मनाई आली, तेव्हा बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, दावा चिकाटीने लढवला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. पुढे संविधान लिहिणाऱ्या माणसाची घडण या एका प्रसंगात जितकी कळते, तितकी पदव्यांच्या यादीतून कळत नाही.

त्यानंतर संविधान सभेकडे वळावे. १९४६ मध्ये ते बंगालमधून निवडून आले, फाळणीमुळे ती जागा गेली, जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून पुन्हा सभेत आले आणि २९ ऑगस्टला नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. येथे दोन भाषणांतील उतारे एकापाठोपाठ वाचून दाखवावेत. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी सांगितले की निधन, राजीनामा, परदेशवास, प्रकृती अशा कारणांनी समितीचे इतर सदस्य दुरावले आणि मसुद्याचा भार अखेर एकट्या आंबेडकरांवर पडला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वतः आंबेडकरांनी मात्र श्रेयाचा वाटा सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला. यांपैकी एकच उतारा वाचला तर चित्र अर्धवट राहते.

मुख्य भाग २३ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेला द्यावा. त्या दिवशी मसुद्यातील कलम ३५ (आजचे ४४) सभेपुढे होते आणि व्यक्तिगत कायद्याला हात लावू नये अशा दुरुस्त्या काही मुस्लिम सदस्यांनी मांडल्या होत्या. आंबेडकरांचे उत्तर एखाद्या कसलेल्या वकिलाच्या युक्तिवादासारखे आहे. फौजदारी कायदा, मालमत्ता हस्तांतरण, करार हे सारे देशभर एकच आहे, उरले आहेत ते विवाह आणि वारसा, हे त्यांनी आधी दाखवले. मग दाखले दिले: वायव्य सरहद्द प्रांतात १९३५ पर्यंत मुसलमानांच्या वारशाला हिंदू कायदा लागू होता आणि उत्तर मलबारात मातृवंशीय मरुमक्कथायम पद्धत मुसलमानांनाही लागू होती. शेवटी, असा कायदा करताना भावी संसद तो स्वेच्छेने स्वीकारणाऱ्यांपुरता लागू करून सुरुवात करू शकेल, असे सुचवून त्यांनी विरोधकांना आश्वस्त केले. याच मुत्सद्द्याने हिंदूंच्या विवाह-वारशाचे कायदे सुधारणारे हिंदू संहितेचे विधेयक रखडले म्हणून १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले, हे येथेच जोडून सांगावे. म्हणजे त्यांची नरमाई आणि करारीपणा दोन्ही एकत्र लक्षात येतात.

आता गोव्याकडे यावे. दिल्लीत संविधान सभा बसत होती तेव्हा येथे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट होती, आणि सभेचे कामकाज सुरू झाले त्याच १९४६ साली गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी टी. बी. कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या तुरुंगात पाठवले. गोवा संविधानाच्या छत्राखाली आला तो मुक्तीनंतर, १२ व्या घटनादुरुस्तीने. मात्र १९६२ च्या प्रशासन कायद्याने येथील जुने कायदे चालू ठेवले आणि त्यामुळे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता टिकली. ‘आमच्याकडे समान कायदा आहेच’ असे श्रोत्यांतून कोणी तरी म्हणेलच. त्याला नम्रपणे दोन गोष्टी सांगाव्यात: १८८० च्या हुकूमनाम्याने येथील हिंदूंच्या काही रूढींना वेगळी मान्यता दिली होती, आणि ही संहिता गोवेकरांनी चर्चा करून स्वीकारलेली नसून लिस्बनहून आलेली होती. आंबेडकरांना अभिप्रेत असलेला मार्ग संसदेतील चर्चेतून जाणारा होता, हा भेद ठसठशीत मांडावा.

संविधान सभेतील त्यांच्या भाषणांसाठी महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या आंबेडकरांच्या समग्र लेखन-भाषणांचा १३ वा खंड पाहावा. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात आधी चौकशी करावी. उतारे इंग्रजीत आहेत. त्यांचा अनुवाद स्वतः करावा, मोठ्याने वाचून तपासावा आणि प्रत्येक उताऱ्याच्या वर तारीख लिहावी. दिवाणी न्यायालयात वारसाहक्काची ‘इन्व्हेंटरी’, म्हणजे मृताच्या मालमत्तेची नोंद आणि वाटणी करण्याची कार्यवाही, चालवणाऱ्या एखाद्या स्थानिक वकिलालाही बोलवावे, म्हणजे या संहितेतील नवरा-बायकोच्या सामाईक मालकीविषयीचे प्रश्न आले की त्यांची नेमकी उत्तरे तेथल्या तेथे मिळतील.