उन्हातल्या बर्फाळ उताराची पारख

गुलमर्गच्या गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३,९५० मीटर उंचीवर, कोणालाही सहज पोहोचता येते. मात्र तिथून देखरेखीखालचा भाग सोडून मोकळ्या उतारांकडे वळायचे असेल, तर बर्फ स्वतः पारखता आला पाहिजे. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा आधी पाहावा. तो संपूर्ण प्रदेशासाठी असतो, समोरच्या एका उतारासाठी नव्हे.

गुलमर्ग सुमारे ३४ उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या आसपास तिथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ५६ अंश वर असतो, त्यामुळे ३४ अंश चढाच्या दक्षिणाभिमुख उतारावर किरणे अगदी काटकोनात पडतात. आणि हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्याच उतारांवर सुटतात. चढ नजरेने ठरवू नये, उतारमापकाने मोजावा.

वसंतात पहिला प्रश्न रात्रीचा असतो. आकाश निरभ्र असेल तर बर्फ उष्णता बाहेर टाकून घट्ट गोठतो. ढगाळ रात्री तो नीट गोठत नाही, मग पहाटेची थंडी कितीही बोचरी वाटो. सकाळी काठी टोचून पाहावी. वरचा पापुद्रा बोटभर जाड आणि खाली ओल्या साखरेसारखा रवाळ बर्फ लागला, तर तो पापुद्रा ऊन चढताच दगा देईल असे समजावे. ऊन आधी पूर्वेच्या, मग दक्षिणेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या उतारांवर येते. परतीची वेळ त्यानुसार निघण्यापूर्वीच ठरवावी. मुठीत दाबलेल्या बर्फातून पाणी निथळू लागले, बूट घोट्याच्या वर रुतू लागले किंवा खडकांखालून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, तर उतार सोडावा आणि त्याच्या पायथ्याशीही थांबू नये.

जानेवारीतला धोका वेगळा असतो. उन्हाने वितळून पुन्हा गोठलेल्या गुळगुळीत कवचावर नवा बर्फ पडला, की त्याला धरून राहायला आधार उरत नाही, शिवाय कवचालगत भुसभुशीत कण तयार होऊ शकतात. त्यासाठी तशाच चढाच्या आणि दिशेच्या, पण सुरक्षित जागी खड्डा खणून ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा स्तंभ मोकळा करावा, त्यावर फावड्याचे पाते ठेवावे आणि मनगटातून १०, कोपरातून १० व खांद्यातून १० थापा माराव्यात. थापांच्या संख्येइतकेच थर कसा तुटतो हेही महत्त्वाचे आहे: तो एकदम, सपाट कापल्यासारखा सरकला तर उतार टाळावा. चाचणी चांगली आली म्हणून निर्धास्त होणे मात्र गैर आहे, कारण चार पावलांवर थर बदलतात आणि ओल्या बर्फाचा निकाल तर तासाभरात शिळा होतो. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला किंवा भेगा पळाल्या, तर खड्डा खणण्यात वेळ न घालवता मागे फिरावे.

ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याचा संकेतांवरून माग काढणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून त्याला शोधायची लांब सळई) आणि फावडे प्रत्येकाकडे हवे. उतार एकेकाने ओलांडावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.